मुका खांब

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

ही पुन्हा बाहेर गेली. मंगळवार आणि शुक्रवार, जेवणं झाली, ओटा पुसला, की कापडी पिशवी खांद्याला अडकवून निघते. कुठं विचारलं तर क्रोशाच्या क्लासला. मी म्हटलं, अजून? म्हणाली, अजून.

विमा कंपनीत क्लेम तपासण्यात माझी हयात गेली. जळालेल्या गोदामातली राख चिमटीत धरून मी सांगत असे की इथं कापड नव्हतंच, रद्दी होती. तेव्हा मला कुणी गुंडाळू नये. ही सप्टेंबरपासून क्लासला जाते. घरात माल किती दिसतो? पाण्याच्या भांड्यावर झाकायचा एक गोल रुमाल. बस. बाकीचा वेळ गेला कुठं?

शिवाय परत येते ती हसत येते. जिन्यात हसू आवरते, मग दार उघडते. मी आतून कान लावून ऐकलंय.

संशय घेत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

५ फेब्रुवारी, सकाळ.

ठरलं. मीही क्रोशा शिकणार. कारण तयार आहे: डॉक्टरांनी मागेच सांगितलंय की बोटं आखडतात, हाताला काही चाळा ठेवा. हे खरंच आहे, त्यामुळे पकडलं जायचा प्रश्न नाही.

लेकीला फोन करून सांगितलं. मग म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? तपासाला निघताना ज्याचा तपास करायचा त्याला विचारून निघत नाहीत, एवढं साधं या मुलांना कळत नाही.

अवघड काय आहे त्यात? एक सुई, तीही टोकाला वाकडी, आणि एक दोरा. महिन्याभरात हिच्या पुढे जाईन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

ही चप्पल घालत असताना म्हटलं, चल, मीही येतोय. तिने डाव्या पायात उजवी चप्पल घातली. नोंद केली.

क्लास वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लांब टेबल, दोन खिडक्या, कोपऱ्यात पाणी उकळायची किटली, बिस्किटांचा डबा आणि एक कुलूपबंद कपाट. जिना चढताना वरून हसण्याचा आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो आणि नळ बंद करावा तसा आवाज थांबला. सात बायका माझ्याकडे बघत होत्या. मग त्या हिच्याकडे बघायला लागल्या. ही किटलीकडे बघत होती.

शिकवणाऱ्या बाई उंच, चष्मा गळ्यात दोरीला. का शिकायचंय, असं त्यांनी विचारलं. मी बोटांचं सांगितलं. त्यावर शेजारी बसलेल्या एका निवृत्त नर्सने न विचारता माझा हात ओढून घेतला, एकेक बोट वाकवून बघितलं आणि म्हणाली, यांना काही झालेलं नाही. नर्सवर लक्ष ठेवायला हवं.

पहिला धडा सरकगाठ. म्हणजे अशी गाठ की जी ओढली तर सरकते. जी सरकते ती गाठ कसली? असो. दोन तासांत सात गाठी मारल्या. सहा सरकल्या नाहीत. एक सुटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

साखळी जमली. इतकी जमली की थांबायचं लक्षात राहिलं नाही, खुर्चीपासून दारापर्यंत गेली. बाई म्हणाल्या, छान, आता थोडी उसवा आणि मागे वळून खांब घाला, म्हणजे उभे टाके. आधी मुका खांब.

मी विचारलं, मुका का? म्हणाल्या, बुटका असतो, उभा दिसत नाही म्हणून. बुटक्याला बुटका म्हणावं, मुका कशाला? ज्याचं नावच मुका आहे तो काहीतरी लपवतो आहे. पुढं अर्धा खांब आणि मग खांब येणार म्हणे. म्हणजे माहिती टप्प्याटप्प्याने देतायत. ही युक्ती मला ओळखीची आहे.

संकल्प: आमच्या पलंगाची चादर. महिनाअखेर. फिकट निळी लोकर आणली. दुकानदाराने गुंडा तोलून दिला नाही. मी घरी तोलला. बरोबर भरला. वजनकाटाच बिघडला असावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

धक्कादायक. टाके कमी होतायत.

सुरुवातीला ओळीत तीस खांब होते, मी स्वतः मोजलेले. आज मोजले तर बावीस. वरच्या ओळीत एकवीस. चादर खाली रुंद आणि वर निमुळती झालीये. तीस टाके घालणारा माणूस मी. नऊ टाके घेणारा कोण?

पिशवी रात्री जेवणाच्या खुर्चीवर असते. घरात दोनच माणसं. क्लासमध्ये चहाच्या वेळी पिशवी टेबलावर असते आणि मी कप विसळायला गेलेला असतो. (कप विसळायचं काम नव्या माणसाकडे असतं म्हणे. हा नियम नेमका कधी झाला?)

१६ फेब्रुवारी.

सापळा लावला. पिशवीच्या तोंडाला लाल दोरा, माझी खास गाठ. सकाळी गाठ जशीच्या तशी. दोन ओळी विणल्या, पुन्हा मोजलं. एकोणीस.

म्हणजे एक तर चोरी क्लासमध्येच होतेय, किंवा चोराला गाठी मारता येतात. बँडेज बांधण्यात आयुष्य गेलेल्या बाईला गाठ म्हणजे काय?

हिला सांगितलं, आपल्या घरी असं असं चाललंय. ती भाजी निवडत होती. तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी तारीख लिहून ठेवली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

क्लासमध्ये रीतसर चौकशी केली. उभा राहिलो, चादर हातात घेऊन दाखवली, आणि प्रत्येकीला विचारलं की गेल्या वेळी चहाच्या वेळात आपण कुठं होता, जवळ कोण होतं. आवाज चढवला नाही. अशा वेळी आवाज चढवायचा नसतो, फक्त उत्तरानंतर बराच वेळ गप्प राहायचं.

नर्स म्हणाली, मी बाथरूममध्ये होते, साक्षीदार लागेल का? कुणी हसलं नाही.

बाईंनी चादर हातात घेतली, कडेला बोट फिरवलं आणि म्हणाल्या, अहो, तुम्ही शेवटचं... मी त्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, प्रश्न मी विचारतोय. त्या थांबल्या.

ही खिडकीबाहेर बघत होती. खाली नुसतं ड्रायक्लीनरचं दुकान आहे. परत येताना ती पूर्ण रस्ता माझ्या पुढे चालली. एरवी तिचा गुडघा दुखतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

हिचं डोकं दुखतंय. म्हणाली, तुम्ही जा. गेलो.

क्लास अगदी शांत. किटलीचा आवाज तेवढा. निष्कर्ष स्पष्ट आहे: सगळ्याचं केंद्र हीच होती. ती नाही तर टोळी गप्प. अर्धा तपास पूर्ण.

सगळ्यांनी एकच विचारलं, त्या कधी येणार. मी म्हटलं, मी आलोय ना. नर्सने बिस्किटांचा डबा पुढे केला. पहिल्यांदाच. तुटकी बिस्किटं वर ठेवली होती.

टाके पंधरा. आता चादर म्हणणं कठीण आहे. पण लोकर भरपूर आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

डोकं पुन्हा दुखतंय. नेमकं मंगळवार-शुक्रवारीच दुखणारं डोकं मी आजवर पाहिलेलं नाही.

बाईंनी मला लवकर सोडलं. खरं म्हणजे म्हणाल्या, आज तुम्ही निघालात तरी चालेल. घरी आलो तर कुलूप. मी पायरीवर बसून राहिलो. ही बऱ्याच वेळाने आली, खांद्याला पिशवी. मला बघून दचकली. म्हणाली, दूध आणायला गेले होते.

हातात दूध नव्हतं. मी तसं म्हटलं. म्हणाली, संपलं होतं. दुकानातलं की घरातलं? त्यावर तिने कुलूप उघडलं आणि आत गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.

मी क्लासला गेलोच नाही. औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभा राहिलो. ही आली. वाचनालय ओलांडून गेली, वर बघितलंसुद्धा नाही. ड्रायक्लीनरवरून पुढे, बसथांब्यावर. मी मागच्या दाराने चढलो. दोन थांब्यांनंतर उतरली आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलात शिरली.

मी सायकल स्टँडशी उभा राहिलो. आत जायला हवं होतं. सायकली मोजत राहिलो. दोन तासांनी ती बाहेर आली, पायरीवर थांबून चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

सगळ्या शक्यता मांडल्या होत्या मी. ही मांडली नव्हती.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, आमटी बिघडली का? मी म्हटलं, नाही, छान आहे. तिने चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

१ मार्च.

गुपचूप चाचणी घेतली. तेलाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखव म्हटलं. घडाघडा वाचलं आणि विचारलं, तुमचा चष्मा कुठंय? मग समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर. तेही वाचलं. मी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं, तर म्हणाली, चहा हवाय की नकोय ते सांगा.

पण याला पुरावा म्हणत नाहीत. एका ड्रायव्हरने क्लेमसाठी डोळे तपासायचा सगळा तक्ता पाठ केलेला मला माहीत आहे.

हिच्या ब्लाउजचं बटण तुटलं होतं, ती म्हणायच्या आत मी सुईत दोरा ओवायला घेतला. बराच वेळ लागला. ती समोर बसून बघत राहिली. काय हवंय तुम्हाला, असं विचारलं तिने. मी म्हटलं, काही नाही.

लेकीला फोन केला. आईच्या डोळ्यांचं फोनवर बोलता येत नाही, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, काय झालंय आईच्या डोळ्यांना? काल मोबाइलवरून मला अख्खा लेख वाचून दाखवला. म्हणजे तिलाही हिने सांगितलेलं नाही. किंवा सांगितलंय आणि मला सांगू नको म्हणून सांगितलंय.

ठरवलं: मंगळवारी आत जायचं. काय असेल ते ऐकायचं. गरज पडली तर क्रोशा मीच विणेन, ती नुसती सांगेल.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

डोळ्यांत औषध घातलंय. माझ्या. अक्षर दिसत नाही, ओळीवर ओळ गेली असेल. हिचे डोळे चांगले आहेत. उरलेलं उद्या.

५ मार्च.

झालं ते असं. हिच्या आधी पोहोचून काउंटरवर चौकशी करायची असा बेत होता. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, नवीन की जुने? मी कोण ते उघड करायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, नवीन. तिने नंबर दिला. नंबर हातात आल्यावर माणूस पेशंट होतो, ही गोष्ट मला माहीत नव्हती. एका कोटवाल्या मुलीने मला आत नेलं, यंत्रावर हनुवटी टेकवली, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बाहेर बाकावर आणून बसवलं आणि बजावलं, सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

बसलो. आजूबाजूला सगळेच मान मागे टाकून, डोळे मिटून. तेवढ्यात शेजारी कुणीतरी टेकलं. पिशवीतून काहीतरी काढल्याचा आवाज. मी डोळे किलकिले केले.

"उघडू नका. चुरचुरेल," ही म्हणाली.

मी डोळे मिटले. मग विचारलं, "काय झालंय तुला? मला सांग. मी घाबरणार नाही." घाबरलेलो होतो.

"मला काही झालेलं नाही. मी इथं विणायला येते."

हॉस्पिटलात? म्हणाली, हो, उजेड चांगला आहे, आणि इथं कुणी काही विचारत नाही. निम्म्यांना दिसत नसतं, उरलेले आपल्या नंबरकडे कान लावून असतात. आपण बसलोय म्हणजे कामाचेच बसलोय असं सगळ्यांना वाटतं.

मग तिने एकेक सांगितलं, नेहमीच्या आवाजात, वाण्याकडची यादी सांगावी तसं. मी घरी बसायला लागल्यापासून गॅस मोठा का, फोन कुणाचा, काय म्हणत होते, जिन्यात कोण भेटलं, हसलीस कशाला. आठवड्यातून दोनदा दोन तास एक जागा होती, जिथं हे नव्हतं. तिथंही मी गेलो. तिच्या मैत्रिणींना उभं राहून विचारलं, चहाच्या वेळी कुठं होता म्हणून. त्या दिवशी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, म्हणाली. बोलताना तिचा हात थांबला नाही. दर टाक्याला तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं.

"तुम्ही रिटायर ऑफिसातून झालात. चौकशीतून नाही झालात."

यावर काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, टाके खरोखरच कमी होतायत.

"शेवटचं घर, कडेचा टाका, सोडता तुम्ही. प्रत्येक ओळीत. पहिल्या दिवसापासून बघतेय."

मग सांगितलं का नाहीस?

"टाके कुणी घेतले हे सगळ्यांना विचारलंत. टाका कसा घालायचा हे कुणाला विचारलंत?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. आठवलं की इथं लिहीन.

मग तिने माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. चौकोनी तुकडा, हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. डोळे मिटलेले, म्हणून बोटांनी बघितला. चारही कडा सरळ. असे पुष्कळ क्लासच्या कपाटात आहेत, म्हणाली, जोडायचे बाकी. पलंगाच्या मापाचं होणार आहे.

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. डोळे उत्तम आहेत म्हणाले. उन्हात मात्र काही दिसत नव्हतं, ही हाताला धरून घरी घेऊन आली. रस्ता ओलांडताना मी तिला सिग्नल कुठला आहे असं विचारलं. म्हणाली, हा एक प्रश्न चालेल.

७ मार्च, शुक्रवार.

करार झाला. ही क्लासला परत, मी क्लासमधून बाहेर. मंगळवार-शुक्रवार कुठं गेलीस, कोण होतं, काय बोललात, का हसलात, हे विचारायचं नाही. मी अटी ऐकून घेतल्या आणि मान्य केल्या. तपास स्थगित. बंद नव्हे, स्थगित.

दुपारी एकटाच होतो. माझी चादर काढली. ओळीच्या टोकाला अगदी कडेला एक घर होतं, आखडून बसलेलं, ते सुईने वर उचललं आणि त्यात खांब घातला. ओळ कमी झाली नाही. पुढचीही झाली नाही. दोन ओळींवरून काही सिद्ध होत नाही. तरी तो तुकडा मी टेबलावर, दारातून आत येणाऱ्याला दिसेल असा ठेवला.

ही आली. जिन्यात हसत होती, आणि या वेळी हसू न आवरता दार उघडलं. हसतच आत आली. माझ्या तोंडून निघून गेलं, काय झालं?

तिचं हसू गेलं. आत जाऊन हातपाय धुतले. तुकड्याकडे बघितलं नाही. करार पहिल्याच दिवशी मोडला. पण माणसाच्या समोर इतकं हसत आल्यावर कोण गप्प बसेल?

मंगळवारी एक शब्द काढणार नाही. काहीही झालं तरी.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.

शब्द काढला नाही. हे इथं आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याची जबाबदारी माझ्यावर येऊ नये.

ही आली. मी पेपर वाचत होतो. पिशवी ठेवली, एक-दोनदा खाकरली, पाणी प्यायली. मी पान उलटलं. चहा झाला. तिने सांगितलं, आज बाईंचा वाढदिवस होता. मी म्हटलं, अरे वा. बस, एवढंच. केक कुणी आणला, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. ती थोडा वेळ थांबली, आणखी काही येतंय का बघत. मग उठून कप ठेवायला गेली.

आत बराच वेळ कप मोजण्याचे आवाज. मग फ्रिजच्या मागे वाकून बघितलं. पडदा सरकवला. माझ्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मग बाल्कनीत जाऊन लेकीला फोन. हळू बोलत होती, पण बाल्कनीचं दार नीट लागत नाही. "नाही गं, एक शब्द नाही. काहीतरी करून ठेवलंय त्यांनी. लपवतायत."

परत आली ती समोरच्या खुर्चीत बसली. दुपारभर कुठं होतात? घरी. कोण आलं होतं? कुणी नाही. फोन? नाही. मग केलंत काय? विणत होतो. सलग? सलग. प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि देताना माझ्याच कानाला ते खोटं लागत होतं. मी घाईने आणखी तपशील दिला, कुठल्या खुर्चीत बसलो होतो, खिडकी किती उघडी होती. त्याने आणखी बिघडलं. ती उत्तरानंतर बराच वेळ गप्प राहायची.

शेवटी "बरं," म्हणाली.

मी नव्याने विणलेला तुकडा दाखवला. कडा सरळ आहेत, बघ. तिने तो उलटा करून पाहिला, उजेडात धरला, आणि विचारलं, कुणाकडून करून घेतलात?

आता असं ठरलंय की शुक्रवारी ही क्लासला जाईल तेव्हा मला घरी एकटं ठेवायचं नाही. नर्स क्लास बुडवून दोन तास येऊन बसेल, ब्लडप्रेशर बघेल, आणि माझं काय चाललंय तेही बघेल. फोन केला तर ती एका पायावर तयार झाली म्हणे.

म्हणजे शुक्रवारी दाढी करून बसावं लागणार.